टिकलीला फिरवून आणते

आक्का, घरात मी तुला कायम 'तुम्ही' म्हटलं आणि रेल्वेचे रूळ ओलांडले की 'तू'. आज घरातच बसून लिहितेय, पण 'तू'च म्हणणार आहे. तुझं तेरावं झालं. पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले. ओटीवरची सतरंजी कुणीतरी झटकून उन्हात टाकलीय. सगळे दमलेत, घराला दुपारची झोप लागलीय. अशाच वेळी तू मागच्या दारात यायचीस, पदर खोचायचीस आणि कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणायचीस, "टिकलीला फिरवून आणते."

या दिवसांत येणारा जाणारा प्रत्येक जण तुझ्याबद्दल बोलला. आक्का कष्टाळू होती, आक्का देवभोळी होती, भावाच्या संसारात आक्कानं कधी तोंड वर केलं नाही. मी मान हलवत होते. खोटं त्यात काहीच नव्हतं. पण धुकं पाहायला मिळावं म्हणून तू पहाटे दोनदा उठून दार उघडून बघायचीस, हे त्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तुझ्याबद्दल मला एवढंच सांगितलं होतं: ही यांची थोरली बहीण, लहान वयात नवरा गेला, तेव्हापासून माहेरी असते. तू बोर्डीच्या या वाडीतच वाढलीस आणि वाडीतच परत आलीस. चिकूच्या पाट्या भरणं, वाल सोलणं, नारळ सोलणाऱ्यांना चहा देणं, सगळीकडे तू असायचीस, आणि कुठेच नसायचीस. तुझी पांढरी साडी त्या गर्द झाडांतून सरकताना दिसायची, मग दिसेनाशी व्हायची.

टिकली आली ती शेजारच्या वाडीतल्या पारशीण म्हातारीकडून. म्हातारी लेकाकडे मुंबईला राहायला निघाली होती. कुंपणावरून तिनं ती मांजराएवढी कुत्री तुझ्या हातात दिली आणि म्हणाली, "लई जा, बाय. बहु डाही छे, एकदम शहाणी. पण तिला रोज फिरायला नेलं पायजे हां, नाय तर रडते." कुत्री पांढरीशुभ्र होती आणि कपाळाच्या बरोबर मधोमध एक तपकिरी ठिपका. तू तिला घेऊन ओटीपाशी आलीस आणि सांगितलंस, "हिचं नाव टिकली."

सासूबाईंचा चेहरा उतरला. विधवा लेकीनं ते नाव ठेवावं, हे त्यांना सोसेना. तुझ्या ते लक्षात आलं. तू टिकलीच्या कपाळावरून अंगठा फिरवलास आणि हसत म्हणालीस, "आई, ही कुणाला पुसता यायची नाही." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, अंगावरची हळदसुद्धा उतरली नव्हती. हसावं की गप्प राहावं, कळेना.

"ओटीवर चढता कामा नये," सासूबाई शेवटी म्हणाल्या, "आणि वाडीत घाण नको. लांब नेऊन आणायची."

त्या 'लांब'नं तुझं भलं केलं. बायका विहिरीवर जायच्या, देवळात जायच्या, बाजाराला, शेतावर जायच्या. उगीच चालत कुणी जात नसे. तुला मात्र रोज लांब जायला सांगितलं होतं, आणि तेही खुद्द आईनं.

माझा मुलगा भाद्रपदात गेला. बारशासाठी पाळणा पुसून ठेवला होता, आत्याबाई म्हणून कानात कुर्र करायची तुझी पाळी होती, आणि ताप आला. त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. पाळणा माळ्यावर गेलेला मी पाहिला, एवढं आठवतं. घरातली माणसं वाईट नव्हती. बोललं तर जखम उघडी पडेल, असं त्यांना वाटत होतं. म्हणून कुणी त्याचा विषय काढला नाही, आणि मग मीही बोलणं सोडलं. वाढू का. झालं का. हो. नाही. एवढ्या शब्दांवर माझे दिवस चालले होते. हे रात्री माझ्या उशाशी बसायचे आणि काही न सुचून उठून जायचे.

कार्तिकातली ती दुपार. मी माजघरात भिंतीला टेकून बसले होते. तू दारात आलीस.

"चल."

"कुठे?"

"टिकलीला फिरवायला. मला एकटीला ती आवरत नाही."

टिकली तेव्हा तुझ्या पायाशी गोळा होऊन झोपली होती. ती तुला आवरत नव्हती! तांदूळ निवडता निवडता सासूबाईंनी मान वर केली, आपल्या दोघींकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मी उठले. का उठले ते मला आजही सांगता येणार नाही. नाही म्हणायलाही जी ताकद लागते ती नव्हती, म्हणून असेल.

चिकूच्या काळ्या सावलीतून आपण बाहेर आलो, बांध चढलो, रूळ ओलांडले, आणि समोर एकदम सगळं मोकळं झालं. भातं कापून झाली होती. सोनेरी धसकटं लांबवर पसरली होती, त्यांत बगळे उभे होते आणि पलीकडे बारड्याचा डोंगर निळा, पातळ, कुणी फुंकर घातली तर उडून जाईल असा. तू माझ्याशी एक अक्षर बोलली नाहीस. तू टिकलीशी बोलत होतीस. "टिकले, तो बघ नीळकंठ, तारेवर बसलाय. उडू दे त्याला, मग खरा निळा दिसेल. टिकले, इकडून नको, इथे चिखल आहे अजून." मी मागून चालत होते आणि ऐकत होते. कुणी मला काही विचारत नव्हतं, मला कशाचंच उत्तर द्यायचं नव्हतं. नीळकंठ उडाला. खरंच, पंख उघडल्यावर तो वेगळाच पक्षी झाला.

दुसऱ्या दिवशी तू दारात आलीस तेव्हा मी आधीच पायात वहाणा घातल्या होत्या.

मग थंडी पडली. सकाळी खाडीकडून धुकं यायचं आणि ताडांचे बुंधे गिळून टाकायचं. वर नुसते शेंडे तरंगत राहायचे, ताडीची मडकी लटकलेले. गवतावरचं दव टिकलीच्या पोटाला लागायचं, ती मधेच थांबून अंग झटकायची आणि तिच्याभोवती क्षणभर उन्हाचं कडं व्हायचं. वालाच्या शेतांत जांभळी फुलं आली. कधी आपण उलट दिशेला, समुद्राकडे जायचो. सुरूच्या झाडांत वारा कायम काहीतरी पुटपुटत असायचा. ओहोटीला समुद्र इतका मागे जायचा की तो आहे की नाही अशी शंका यावी. ओल्या वाळूत आभाळ पडलेलं असायचं आणि टिकली त्या आभाळावरून खेकड्यांच्या मागे धावायची. एकदा एका खेकड्यानं तिच्या नाकाला चिमटा काढला. त्यानंतर ती प्रत्येक बिळापाशी जाऊन दुरूनच भुंकायची, आणि तू तिला समजवायचीस, "अगं, तो त्याच्या घरात बसलाय. तूच त्याच्या दारात गेली होतीस."

त्या महिन्यांत मला वाटायचं, आपण चालतच नाही. वाटच आपल्या पायांखालून हळूहळू सरकतेय, आणि आपण दोघी आणि ती कुत्री एका जागी तरंगतोय. घरी आलं की ते उतरायचं. पण दुसऱ्या दुपारी पुन्हा.

फाल्गुनात शेवर फुलली. अंगावर पान नाही, नुसती लाल फुलं आणि साळुंक्यांचा कालवा. आपण खाली बसलो होतो. टिकलीच्या कानात कुसळं अडकली होती, तू ती एकेक करून काढत होतीस. माझ्याकडे न बघता तू विचारलंस, "कोणासारखा होता गं?"

मला आधी कळलंच नाही की प्रश्न मला आहे. मग कळलं.

"कान मोठे होते," मी म्हणाले. "यांच्यासारखे. आणि झोपेत भुवया वर चढवायचा. कुणी खोटं सांगतंय आणि ह्याला पटत नाही, तसा."

तू हसलीस. "म्हणजे आमच्या बाबांसारखा. बाबा असेच बघायचे हिशेब ऐकताना."

तो या घरातला कुणीतरी होता, हे तोवर कुणी म्हटलं नव्हतं. मी रडायला लागले. आईच्या घरी रडले नव्हते, इथेही नव्हते. तू पाठीवर हात ठेवला नाहीस, गप्प हो म्हणाली नाहीस. कुसळं काढत राहिलीस. वरून एक फूल पडलं, जड, टप्प आवाज करून. थोड्या वेळानं आणखी एक. टिकली उठली, ते फूल हुंगलं आणि माझ्या पायावर येऊन बसली.

आणि मग चैत्रातला तो दिवस. तुला मोहाची फुलं पडताना पाहायची होती. ती पहाटेपासून पडतात, म्हणून आपण झुंजुमुंजू असतानाच निघालो, न्याहारीपर्यंत येतो असं सांगून. रोजचा ओढा ओलांडून तलासरीच्या अंगाला बरंच आत गेलो. मोहाचा वास आधी आला, गोड, डोकं जड करणारा. मग झाडं दिसली. वारा नसतानाही फुलं गळत होती, मऊ, पिवळसर, पाऊस थांबल्यावर पागोळ्या गळतात तशी संथ. तू तळहात पुढे करून उभी राहिलीस. एक फूल तुझ्या हातात पडलं आणि तू लहान मुलीसारखी माझ्याकडे पाहिलंस.

त्याच वेळी झुडपातून ससा उठला. टिकलीनं मागचापुढचा विचार केला नाही. पांढरा ठिपका उतारावरून गेला, सागाच्या वाळल्या पानांचा आवाज झाला, मग तोही थांबला.

आपण हाका मारल्या. ऊन वर आलं, मग डोक्यावर आलं. टिकले, टिकले, म्हणून घसा बसला. त्या बाजूला बिबट्यानं वासरू नेल्याचं नुकतंच ऐकलं होतं, आणि ते आपल्या दोघींच्या मनात होतं. नाल्याच्या तोंडाशी करवंदीची दाट जाळी होती. आतून काहीतरी सळसळलं. तू पदर आवळलास आणि सरळ खाली उतरायला लागलीस.

"आक्का, थांब!" मी ओरडले. "खाली जाऊ नकोस! तुला काही झालं तर मी कुठे जाऊ?"

माझाच आवाज समोरच्या टेकडीवरून परत आला. तू वळलीस. हातावर काट्यांचे ओरखडे, केस सुटलेले.

"काय म्हणालीस?"

"चुकून तोंडून गेलं. तुम्ही थांबा."

"तसं नाही. आधीचं म्हण."

"थांब," मी म्हणाले.

"हं. आता असंच म्हणायचं."

"घरात?"

"घरात नको. आई दोघींना हाकलून देईल."

बिबट्याच्या जाळीपाशी उभ्या राहून आपण हसलो, आक्का. ते आठवलं की मला अजून नवल वाटतं.

तेवढ्यात डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई वरून आली. मोह वेचून निघाली होती. नाव लाडकी. "कोनाला हाका मारता, बाय? सकालपासून ऐकतेय."

"कुत्री हरवलीय," तू म्हणालीस. "लहान आहे. पांढरी."

"बारकीशी? कपालाला डाग? ती आमच्या पाड्यावर हाय. पोरींनी आंबील घातली, आता कोंबड्यांच्या मागं लागलीय."

टिकली लाडकीच्या अंगणात, वाळत घातलेल्या मोहाच्या शेजारी, पोट वर करून झोपली होती. तू तिला उचललंस आणि तिथेच मटकन बसलीस. लाडकीनं पाणी दिलं, नागलीची भाकर दिली आणि आपल्याकडे बघत राहिली. "हिच्यासाठी एवढ्या लांब आलात? आमचं कुत्रं गेलं तर आमी म्हनतो, येल तर येल."

"ही नसेल तर आम्हाला घरातून सुटका नाही, बाई," तू म्हणालीस. "हिला फिरवायला म्हणून आम्ही फिरतो."

लाडकीला ते कळायला एक क्षण लागला. मग ती अशी हसली की पाड्यावरच्या बायका गोळा झाल्या. तिनं त्यांना सांगितलं, त्याही हसल्या. निघताना तिनं टिकलीच्या गळ्यात वाखाची दोरी बांधून दिली. "धरून ठेवा हिला," ती म्हणाली. गाडीवाटेपर्यंत सोबत आली.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. माणसं स्टेशनापर्यंत, समुद्रापर्यंत शोधून आली होती. सासूबाई ओटीच्या पायरीवर उभ्या होत्या. "कुत्र्यापायी दोन बायका दिवसभर रानात! गाव काय म्हणेल? उद्यापासून तिला खुंट्याला बांधा. कुणी कुठे जायचं नाही."

तू मान खाली घातलीस. हे पुढे झाले आणि मला विचारलं, "पण झालं तरी काय?"

आणि मी सांगायला लागले. ससा कसा उठला, सागाची पानं कशी वाजली, जाळीत काय सळसळलं, मोहाचा वास कसा डोक्यात जातो, लाडकीच्या कोंबड्या टिकलीला घाबरून कशा छपरावर चढल्या. माझे हात हलत होते. कोंबड्यांपाशी मला हसू आलं आणि वाक्य अर्धं राहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कुणीच काही बोलत नाहीये. यांनी तोंड फिरवून खांबाकडे केलं होतं.

तू हळूच म्हणालीस, "आई, ऐकतेस ना? ही बोलतेय."

सासूबाई पायरीवर खाली बसल्या. बराच वेळ त्यांनी टिकलीकडे पाहिलं. मग उठल्या, पदर सावरला आणि आत जाता जाता म्हणाल्या, "दिवे लागायच्या आत येत जा." दुसऱ्या दुपारी मागच्या दारापाशी भाकरीचा तुकडा ठेवलेला होता, कुत्रीसाठी, त्यांच्या हातचा.

त्यानंतरची वर्षं माझ्या मनात एकमेकांत मिसळून गेलीत. कुठला ऋतू कुठल्या वर्षीचा, सांगता येत नाही. पावसाळ्यात रुळांपलीकडे जाता यायचं नाही, मग आपण एकाच इरल्याखाली बांधावर उभ्या राहायचो आणि पाणी बघायचो. टिकली भिजून घुशीएवढी व्हायची. आश्विनात गवतावर चतुर तरंगायचे, संध्याकाळचं ऊन त्यांच्या पंखांत अडकायचं. वैशाखात तुझ्या पदराला करवंदांचे डाग पडायचे. आपलं भांडण ठरलेलं होतं. तुला पानगळ आवडायची. झाडाचा खरा आकार तेव्हा कळतो, म्हणायचीस. मला हिरवं लागायचं. "हिरव्यात सगळीच झाडं सारखी," तू म्हणायचीस. "आणि वाळलेल्यात सगळीच मेलेली," मी म्हणायचे. हा वाद मी जिंकलेला नाही, तूही नाहीस.

राज्यं वेगळी झाली त्या वर्षी आपण हद्दीवरच्या झाई गावापर्यंत गेलो होतो. कुणीतरी सांगितलं, तो पलीकडचा माड दिसतो ना, तो गुजरातेत गेला. टिकली धावत गेली, त्या माडाच्या बुंध्याशी उभी राहून परत आली. "परराज्यात जाऊन आली बाई," तू म्हणालीस. "काय गं, तिकडची माती वेगळी लागली का?" सुमन तेव्हा तुझ्या कडेवर होती. माझी मुलगी जमिनीवर चालायला शिकली ती या बांधांवर, एका हातात तुझं बोट आणि दुसऱ्या हातात टिकलीचं शेपूट. टिकलीनं ते कसं सोसलं, तीच जाणे.

मग टिकली म्हातारी झाली. तिला चालवेना. तू तिला चिकूच्या पाटीत, जुन्या लुगड्यावर ठेवून डोक्यावर घ्यायचीस आणि मागच्या दारात उभी राहून त्याच आवाजात म्हणायचीस, "टिकलीला फिरवून आणते." एका थंडीत, बांधावरच्या उन्हात, पाटीतल्या पाटीत ती गेली. आपण तिला शेवरीखाली पुरलं. मी म्हटलं, दुसरं पिल्लू आणू.

"नको."

"का?"

"मी गेल्यावर त्याला कोण फिरवील?"

"मी."

"मग तूच आण."

"आणि तोवर? आपण जायचं नाही?"

कुत्र्याशिवाय, नुसतं, स्वतःसाठी म्हणून दाराबाहेर पडणं तुला जमत नव्हतं. मी तुझा हात धरून ओढलं तर यायचीस, पण बांधापर्यंतच. मग मागे वळून बघायचीस. माझं म्हणणं होतं, कारण कशाला लागतं. तुझं म्हणणं होतं, बाईला लागतं. हाही वाद अर्धा राहिला.

या पावसाळ्यात तू अंथरूण धरलंस. मी एकटी जाऊन यायचे आणि तुझ्या उशाशी बसून सांगायचे. ओढ्याला पाणी किती आलं, टिटवीनं अंडी कुठे घातली. एकदा तुला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, तेरडा फुललाय. तू डोळे न उघडता म्हणालीस, "खोटं नको सांगूस. तेरडा एवढ्यात नाही." तो खरंच फुलला तेव्हा मी एक डहाळी आणली. तू ती उशीवर ठेवून घेतलीस. त्यानंतरच्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही.

काल पाहुणे गेल्यावर सासूबाई मागच्या अंगणात वाल निवडत बसल्या होत्या. आता त्यांना नीट दिसत नाही, हातालाच कळतं. मी शेजारी बसून निवडू लागले. निवडता निवडता त्या म्हणाल्या, "तिचंही एक गेलं होतं."

"कुणाचं?"

"आक्काचं. मुलगी. सासरी. बारशाच्याही आधी. मी पाहिलीसुद्धा नाही. मग वर्षाच्या आत नवरा गेला."

माझे हात थांबले. "मला कुणीच नाही सांगितलं."

"तिनं सांगू दिलं नाही. तुझं झालं तेव्हा मी म्हटलं होतं तिला, सुनेला सांग, तुझ्यावरही हे आलंय. तिला धीर येईल. तर मला म्हणाली, आई, तिचं दुःख तिचं असू दे. त्यात माझं कशाला घालू?"

वाल टोपल्यात पडत राहिले. मग त्या म्हणाल्या, "ती परत आली तेव्हा वर्षभर माजघरातून बाहेर पडली नाही. मला वाटायचं, लोकांच्या नजरा नकोत तिला, बसू दे. हिला धरून बाहेर न्यावं, हे मला सुचलंच नाही गं. तुला ती घेऊन गेली, तेव्हा मी बघत होते."

आक्का, शेवरीखाली तू मला विचारलंस, आणि माझ्याकडे पाहिलं नाहीस. का नाही पाहिलंस, ते मला आता कळलं. इतकी वर्षं तू माझ्यासोबत चाललीस आणि एकदाही म्हणाली नाहीस, मलाही ठाऊक आहे. म्हणाली असतीस तर मी माझं गुंडाळून ठेवलं असतं आणि तुझं सांत्वन केलं असतं. तू मला ते करू दिलं नाहीस. याबद्दल तुझे पाय धरावेत की तुझ्याशी कडाडून भांडावं, मला समजत नाही. तुझी मुलगी कोणासारखी होती? तिला पाहिलेलं माणूस आता कुणी उरलेलं नाही. मी विचारलं असतं, आक्का. मला माहीत असतं तर मी विचारलं असतं, आणि तुझ्याकडे न बघता, टिकलीच्या कानातली कुसळं काढत बसले असते.

इथवर लिहिलं आणि उठावं लागलं. सासूबाई काठी टेकत दारात आल्या होत्या.

"या वेळेला तुम्ही दोघी कुठे जायचात?" त्यांनी विचारलं.

"रुळांपलीकडे. कधी समुद्रावर."

"मला ने."

परत येऊन पुढचं लिहितेय. रुळांपलीकडे जाणं त्यांना शक्यच नव्हतं. वाडीतून बांधापर्यंत यायलाच आम्हाला किती वेळ लागला. त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. बांधावर मी पदरानं जागा पुसली आणि त्यांना बसवलं. भातं पिवळी पडू लागलीत. ऊन कलतं होतं, वारा आला की सगळं शेत एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायचं. बारडा निळा होता.

"इथे काय करायचात?"

"काही नाही. बघायचो."

"काय?"

"असेल ते."

त्यांनी डोळे बारीक केले. त्यांना कितपत दिसलं कोण जाणे. नाकानं मात्र त्या वास घेत होत्या. "लोंब्या भरल्यात चांगल्या," त्या म्हणाल्या. एक बगळा उडाला, आणि त्या दिशेला त्यांनी मान वळवली.

"आणि मग?"

"मग परत यायचो."

"एवढंच?"

"एवढंच, आई."

मला वाटलं, आता त्या उठतील. त्यांनी काठी बाजूला ठेवली, पाय पुढे पसरले आणि गुडघ्यांवरून हात फिरवला.

"मग घाई कशाला करतेस," त्या म्हणाल्या. "बस खाली."